ज्वारी किती मोडायची

चक्कीवर डबा ठेवला की पहिला प्रश्न येतो, "काकू, कायचं दयन हाय?" कुणी सांगतं, "कन्याचं हाय भाऊ, जाडं ठेवजा." कुणी नुसतंच "जवारी हाय" म्हणून डबा ठेवून बाजाराला निघून जातं. दोघींच्या डब्यात एकाच वावरातली ज्वारी असेल, पण दोघींच्या घरचं रात्रीचं जेवण तिथेच, दगडाच्या फटीत, वेगळं झालं. अख्खं धान्य खावं, हे आता सगळेच सांगतात. ते खाण्याआधी मोडायचं किती, हे मात्र चक्कीवाल्याच्या अंदाजावर सोडलं जातं, आणि मग "ज्वारी आमच्याकडे कुणाला आवडत नाही" अशी तक्रार ऐकू येते.

2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, आपल्या सरकारनं या धान्यांना 'श्री अन्न' असं नाव दिलं, आणि शहरातल्या दुकानांत ज्वारी सुबक पुड्यांमध्ये दिसू लागली. गंमत अशी की तोवर अकोला-अमरावतीकडच्या वावरांतून ती बरीचशी उठून गेली होती. तिच्या जागी सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ आला, आणि भाकर ही गरिबाघरची म्हणून पोळीच्या मागे पडली. आता ती परत येते आहे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून. औषध म्हणून आलेलं धान्य फार दिवस टिकत नाही. ते चवीला जमलं तरच टिकतं, आणि चव जमते ती मोडणं, भिजवणं आणि पाणी या तीन गोष्टींवर.

दाणा आतून कसा असतो ते थोडं पाहू, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बाहेर कोंडा, आत पिठूळ गर, आणि टोकाशी अंकुर. अंकुरात तेल असतं. दाणा अखंड आहे तोवर ते तेल बंद कुपीत असल्यासारखं राहतं, म्हणून नीट वाळवलेली ज्वारी कोठीत वर्षभर राहते. दळलं की कुपी फुटते, तेलाला हवा लागते आणि पीठ खवट व्हायला लागतं. मैदा किंवा पॉलिशचा तांदूळ महिनोन्‌महिने टिकतो, कारण त्यातला अंकुर आधीच काढून टाकलेला असतो. अख्ख्या धान्याचं पीठ टिकत नाही, हा त्याचा दोष धरू नये, सगळं आत शाबूत असल्याची ती खूण आहे. त्यामुळे ज्वारीचं दळण हिवाळ्यात पंधरा दिवसांचं, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आठ दिवसांचं, त्याहून जास्त नको. चक्कीवरून आलेलं पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात कोंबून झाकण लावलं तर आतली वाफ झाकणाला धरते, पिठाच्या गुठळ्या होतात आणि चौथ्या दिवशी वास येतो. परातीत पसरून अर्धा तास निववायचं, मगच भरायचं.

आता भाकर. गव्हाच्या कणकेत पाणी पडलं की चिवट जाळं तयार होतं, तेच पोळीला धरून ठेवतं. ज्वारीत ते जाळं नाही. तिला धरून ठेवतं ते शिजलेलं पिष्ट, म्हणजे चक्क खळ. ज्वारीचं पिष्ट साधारण 70 अंशांच्या आसपास फुगायला लागतं, म्हणून पाणी कढत लागतं. कोमट पाण्यानं भाकर थापता येते, पण ती ताजं पीठ आणि सरावाचा हात असेल तरच. एका मध्यम भाकरीला 100 ग्रॅम पीठ, चिमूटभर मीठ आणि 80 ते 90 मिली कढत पाणी. सगळं पाणी एकदम ओतू नका. दोन तृतीयांश आधी, उरलेलं मळताना हात ओला करत करत. मळायचं तळहाताच्या टाचेनं, पीठ परातीवर रगडत, किमान तीन-चार मिनिटं. बोटांनी गोळा केलेलं पीठ वरून गुळगुळीत दिसतं आणि थापताना कडेला फाटतं. चार भाकरींचं पीठ एकदम मळून ठेवण्याचा मोह टाळावा. मळलेला गोळा वाट पाहत बसला की सुकतो, एकेका भाकरीचं पीठ वेगळं मळलेलं बरं.

पिठाला विरी, म्हणजे धरून राहण्याचा चिकटपणा, आहे की नाही, हे परातीत बसण्याआधीच कळतं. चमचाभर पीठ कढत पाण्यात मळून लिंबाएवढी गोळी करा आणि अंगठ्यानं दाबा. कडा अखंड राहिल्या तर विरी आहे, भेगा पडल्या तर गेली. विरी गेलेल्या पिठाची उकड काढावी: एक वाटी पाणी उकळून त्यात मीठ आणि एक वाटी पीठ टाकायचं, सराट्याच्या (उलथन्याच्या) टोकानं हलवून गॅस बंद करायचा, झाकण ठेवून सात मिनिटं थांबायचं आणि सोसेल इतकं गरम असतानाच मळायचं. भाकर हमखास थापली जाते. चव ताज्या पिठाची येत नाही, ते मान्य करून टाकावं.

तव्यावरची चूक जवळपास नेहमी एकच असते, आणि ती पाण्याची. भाकर तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर ओला हात फिरवायचा, कडेपर्यंत. मग ते पाणी सुकत आलं, पण अजून अंगात ओल आहे, अशा घडीला उलटायची. पाणी चकाकत असताना उलटली तर ती तव्याला चिकटते. पूर्ण सुकून पांढरी पडल्यावर उलटली तर वरचा पापुद्रा आधीच तडकलेला असतो आणि वाफ त्या तड्यातून निघून जाते. भाकर फुगते ती आत कोंडलेल्या वाफेवर, सुईएवढं भोकही तिला पुरतं. दुसरी बाजू पूर्ण भाजून घ्यायची आणि मग पहिली बाजू निखाऱ्यावर किंवा थेट आचेवर. चुलीवर तव्याखालचे निखारे पुढे ओढून भाकर त्यांच्यापुढे उभी टेकवतात. तिथे ती हळू फुगते आणि कडा जास्त खरपूस होतात. गॅसवर हे जमत नाही असं नाही, पण धीर कमी पडतो.

ज्वारी घेताना एक बघा. विदर्भातली ज्वारी मुख्यतः खरिपाची. कणीस भरून दाणा पिकायच्या वेळेला, सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस लागला की दाण्यावर बुरशी धरते आणि तो काळा पडतो. सोलापूर-मराठवाड्याकडची मालदांडी रब्बीची, कोरड्या हवेत पिकलेली, म्हणून दाणा मोत्यासारखा आणि भाकर गोडसर. 1964 साली सीएसएच-1 हा ज्वारीचा देशातला पहिला संकरित वाण आला आणि त्याच्यामागून आलेल्या वाणांनी खरिपाची ज्वारी भरघोस पिकू लागली, पण पावसात सापडण्याचं तिचं दुखणं गेलं नाही. थोडे काळे दाणे सुपात पाखडून-निवडून काढता येतात. मूठभरात आठ-दहा दाणे काळे असतील, किंवा डबा उघडल्यावर कोंदट वास येत असेल, तर ती ज्वारी दळायला नेऊच नका. दळल्यावर काळं-पांढरं सगळं एकच होतं आणि मग काही करता येत नाही. खरिपाची स्वच्छ ज्वारी माझ्या मते भाकरीपेक्षा कण्यांना, म्हणजे भरडून भातासारखी शिजवायला, जास्त शोभते. थापायला ती जरा कुरकुरते, शिजायला मात्र छान.

आणि कण्या हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित पदार्थ आहे. भाकर थापायला हात लागतो, कण्यांना फक्त वेळ लागतो. नव्यानं ज्वारीकडे वळणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी. चक्कीवर दगड सैल ठेवून भरडून आणा. चक्की लांब असेल तर मिक्सरमध्ये एका वेळी एकच वाटी ज्वारी, तीन-तीन सेकंदांचे चार झटके. सलग फिरवलं तर अर्ध्याचं पीठ होतं आणि अर्धी अख्खी राहते. मग दोन चाळण्या. पिठाच्या चाळणीतून खाली पडतं ते पीठ आंबिलीला. रव्याच्या चाळणीतून पडते ती बारीक कणी लेकरांच्या पेजेला. वर राहते ती जाड कणी, तिच्या कण्या. दाणा फुटून दोन-चार तुकडे झाले, एवढंच मोडणं हवं. पीठ नीट चाळलं गेलं नाही तर कण्या शिजताना खळ होते आणि खाली लागते. कण्या बिघडण्याचं कारण दहातून आठ वेळा हेच असतं.

एक वाटी जाड कणी दोनदा पाण्यातून काढून, वर तरंगलेला भुसा ओतून, दोन तास भिजवा. जाड बुडाच्या गंजात चार वाट्या पाणी, मीठ आणि चमचाभर तेल टाकून उकळी आणा. भिजलेली कणी हलवत हलवत सोडा. पहिली पाच मिनिटं हात थांबवायचा नाही, याच वेळात गुठळ्या होतात. पुढे आच मंद, झाकण अर्धवट, पंचवीस मिनिटं. दाणा बोटात दाबल्यावर मध्ये पांढरा ठिपका दिसत असेल तर अजून कच्चा आहे. आणखी पाणी लागलं तर उकळतंच घाला, गार पाण्यानं शिजणं अडकतं. भातासारख्या मोकळ्या हव्या असतील तर तीन वाट्या पाणी आणि शेवटी दहा मिनिटं नुसती वाफ. घाई असेल तर कुकरमध्ये चार शिट्ट्या, पण कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, कण्या उसळतात आणि शिट्टीत अडकतात. वरून ताक, कच्चं फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, तिखट. किंवा जवसाची चटणी, पण जवस कोरडा भाजून, पूर्ण गार करून कुटलेला. गरम असताना कुटला तर तेल सुटून लगदा होतो.

याच कण्या अंबाडीच्या भाजीत जातात. तिथे क्रम चुकला की भाजी फसते. अंबाडीची पानं आधी वेगळी उकडून, पिळून, आंबट पाणी थोडं काढायचं. तुरीची डाळ आणि कण्या दुसऱ्या भांड्यात पूर्ण शिजवून घ्यायच्या, आणि मग दोन्ही एकत्र घोटायचं. डाळ आणि अंबाडी एकदम शिजायला लावली तर आंबटपणामुळे डाळ तासभर दाताखाली येत राहते. दोनशे ग्रॅम पानांना पाव वाटी डाळ आणि दोन मोठे चमचे कण्या पुरतात. लसणाची फोडणी सढळ हातानं, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, घाला न घाला.

डाळ आणि ज्वारीची ही जोडी चवीपुरती नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये काढलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं, तितकाच चोथा आणि 4 मिलिग्रॅमच्या जवळपास लोह दिलं आहे. पॉलिशच्या तांदळात चोथा 3 ग्रॅमच्याही खाली. आकडे चांगले आहेत, पण ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा गरजेचा घटक कमी पडतो, आणि तो डाळीत भरपूर असतो. 1960 मध्ये पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमधल्या ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांतल्या पेलाग्रा या रोगाचा संबंध ज्वारीच्या प्रथिनांतल्या ल्युसिन या दुसऱ्या, जास्तीच्या घटकाशी लावला होता. भाकर आणि तिखट एवढ्यावरच दिवस काढणाऱ्यांची ती गत होती. बुलडाण्याकडे आणि खानदेशाच्या सीमेवर कळण्याची भाकर करतात, ती या दृष्टीनं शहाणी: चार किलो ज्वारीला एक किलो सालीचे उडीद आणि मूठभर मीठ, एकत्रच दळायचं. उडदाच्या चिकटपणानं विरीचाही प्रश्न सुटतो. उडदाचं प्रमाण यापेक्षा वाढलं तर भाकर चिवट होते आणि गार झाल्यावर ओढून तोडावी लागते.

लोहाचं दुसरं एक आहे. कोंड्यात फायटिक आम्ल असतं, ते लोहाला धरून ठेवतं, म्हणून तक्त्यातलं सगळं लोह अंगी लागत नाही. भिजवणं आणि आंबवणं यानं ते आम्ल कमी होतं, ताटातल्या लिंबाच्या फोडीनं लोह शोषायला मदत होते. जेवणावर लगेच घेतलेला चहा हे सगळं बरंचसं पाण्यात घालवतो. वऱ्हाडात हे सांगून ऐकणारं कुणी भेटत नाही, तरी सांगून ठेवलं.

आंबवण्यावरून आंबील. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ती आपल्याकडे असतेच, पण तिचा खरा मोसम मे महिना, पारा 45 च्या वर गेला की. अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, दीड वाटी ताक, रात्री काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात कालवून झाकून ठेवा. मे महिन्यात सहा ते आठ तास पुरेत, त्याहून जास्त ठेवलं तर घशाला लागेल इतकी आंबट होते. डिसेंबरात बारा तासही कमी पडतात. सकाळी चार वाट्या पाणी उकळा, त्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ टाका, आणि कालवण बारीक धारेनं ओतत एकाच दिशेनं ढवळत राहा. दहा मिनिटं मंद आच. पिठाचा कच्चा वास जाऊन पळीच्या पाठीवर पातळ साय धरली की झाली. ढवळणं थांबलं तर ताक फाटतं आणि वर पाणी, खाली गाळ असं होतं. कल्हई नसलेल्या पितळेत आंबील करू नये, आंबट लागून भांडं कळकतं. गार झाल्यावर ती घट्ट होतेच, तेव्हा वरून ताजं ताक घालून सैल करायची.

मोडण्याच्या दुसऱ्या टोकाला लाह्या: दाणा अजिबात मोडायचा नाही. नागपंचमीला ज्वारी कढत पाण्यात पाच मिनिटं बुडवून, निथळून, फडक्यात रात्रभर बांधून ठेवतात. सकाळी ती आतून दमट आणि वरून कोरडी हवी. लोखंडी कढई चांगली तापवायची, एका वेळी एकच मूठ टाकायची आणि सुती फडक्याच्या बोळ्यानं दाबून फिरवायची. आतल्या ओलीची वाफ होते, कडक सालीला ती सोसत नाही आणि दाणा उलटा फुटतो. साल आधीच टिचलेली असेल तर वाफ हळूच निघून जाते आणि दाणा नुसता भाजून निघतो. फुटाण्यासारखे टणक दाणे खाली जास्त उरले, तर ओल कमी पडली किंवा कढई थंड होती.

गव्हाचंही तेच. आपल्याकडचा लाडका लोकवन हा मुळात 'लोक-1', गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीत तयार झालेला वाण. आपल्या जिभेनं त्या इंग्रजी 'वन'चं मराठी वन केलं. पोळीला तो बारीक दळतात, रोडग्यांना रवाळ. अर्धा किलो रवाळ पिठाला तीन मोठे चमचे तेल, ओवा, मीठ आणि 200 ते 225 मिली पाणी. पीठ घट्ट हवं, अर्धा तास झाकून ठेवायचं, 80-90 ग्रॅमचे गोळे. गोवऱ्यांच्या ज्वाळा पूर्ण बसून निखाऱ्यावर राख धरल्याशिवाय रोडगा टाकायचा नाही. घाई केली तर वरून कोळसा आणि आत कणीक. वीस मिनिटं फिरवत भाजायचे, मग गरम राखेत वीस मिनिटं पुरायचे. आत खरं शिजणं राखेतच होतं.

उकडपेंडीलाही जाडसर कणीक. चार चमचे तेलात कांदा-मिरचीची फोडणी, त्यात वाटीभर कणीक मंद आचेवर दहा मिनिटं, खमंग वास येईपर्यंत. तेल पिठाच्या कणाकणाला लागतं, म्हणून पुढे पाण्यात त्याचा गोळा होत नाही. मग वाटीभर कढत पाणी शिंपडत घालायचं आणि पाच मिनिटं वाफ. भाजणं आवरतं घेतलं की उकडपेंडीची खळ झालीच.

वैनगंगेच्या खोऱ्यात भाताचं राज्य. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेला एचएमटी तांदूळ देशभर गेला, पण तोही बहुतेक ताटांत पॉलिश होऊनच येतो. गिरणीवाल्याला फक्त टरफल काढायला सांगितलं तर कोंडा-अंकुरासकट तांदूळ मिळतो. तो तासभर भिजवून, अडीच पट पाण्यात, मंद आचेवर पस्तीस मिनिटं. हा तांदूळही पिठासारखाच खवट होतो, महिन्याभराचाच काढावा.

मेळघाटातली कुटकी आणि कोदो लवकर शिजतात, दुप्पट पाण्यात पंधरा-अठरा मिनिटं आणि दहा मिनिटं झाकून. कोदोबद्दल एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. ओल लागलेल्या कोदोवर वाढणारी बुरशी विषारी असते. 2024 च्या ऑक्टोबरात मध्यप्रदेशातल्या बांधवगडमध्ये बुरशी लागलेला कोदो खाऊन दहा हत्ती मेले. कोदोला कोंदट वास असेल तर चव घेऊनही पाहू नये, फेकावा.

उरली शिळी भाकर. रात्रभरात तिच्यातलं शिजलेलं पिष्ट पुन्हा घट्ट होतं, म्हणून ती सकाळी कडक लागते, आणि म्हणूनच ताकात लगेच विरघळत नाही. तिचा कुस्करा करताना तुकडे बोराएवढे ठेवा. चुरा केला तर पाच मिनिटांत लापशी होते, आणि मोठे ठेवले तर मध्ये कोरडे राहतात. ताक, मीठ, ठेचा, दहा मिनिटं. कांदा वेळेवर, खायला बसल्यावरच फोडायचा.